माणूस कोणाला म्हणावे?

गेल्या वर्षी अल नहदातील आमच्या एका स्नेह्यांकडे गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे मंडळी गप्पा मारत बसली. तेवढ्यात आठवीत शिकणारी एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "डॉक्टरकाका, बाप्पाचं डोकं हत्तीचं आहे ना? म्हणजे ब्रेनपण हत्तीचाच. मग बाप्पा विचार कसा करतो, हत्तीसारखा की माणसासारखा?"

मोठी माणसे हसली. तिच्या आईने डोळे वटारले. मी "अगं, तो देव आहे, तो दोघांसारखाही करतो" असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. मुलीने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते. रुग्णाला न पटलेले उत्तर डॉक्टरला लगेच ओळखू येते! यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ते राहिलेले उत्तर द्यावे असे मनात आले.

आधी मेंदूचेच पाहू. हत्तीचा मेंदू सुमारे पाच किलोचा, आपला सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. नुसत्या वजनावर जायचे तर गणपती ही बुद्धीची देवता आहे हे शरीरशास्त्रालाही मान्य व्हावे. सुझाना हर्कुलानो-हूझेल या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूतील चेतापेशी मोजण्याची एक युक्ती शोधून काढली. मेंदूच्या ऊतीचे एकजीव द्रावण करायचे आणि त्यातील पेशींची केंद्रके मोजायची. त्यांच्या मोजणीत आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी निघाल्या आणि माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज. मात्र हत्तीच्या बहुतेक साऱ्या पेशी लहान मेंदूत असतात. सोंडेसारखा अवयव चालवायला त्या लागत असाव्यात असा एक तर्क आहे. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, ज्याला आम्ही कॉर्टेक्स म्हणतो, तिथे हत्तीच्या ५.६ अब्ज पेशी आहेत तर माणसाच्या १६ अब्ज. विचार, भाषा, पुढचे बेत या साऱ्या गोष्टींसाठी हाच थर महत्त्वाचा.

एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. पण दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. ज्याच्या कॉर्टेक्सचा मोठा भाग जन्मतःच किंवा पक्षाघाताने निकामी झाला आहे, असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना कमी माणूस म्हणायचे काय? पेशींची मोजदाद करून माणूसपण ठरवायला निघालो तर वाट कुठे जाते, ते पुढे येईलच.

आपल्याकडचे जुने उत्तर सर्वांना ठाऊक आहे. खाणे, झोपणे, भिणे आणि प्रजा वाढवणे हे माणसात आणि पशूत सारखेच असते, माणसात अधिक असतो तो धर्म, अशा अर्थाचे सुभाषित आपण शाळेत संस्कृतच्या तासाला पाठ केले. दहा गुणांचा प्रश्न सोडवून आपण पुढे गेलो. त्यातला धर्म म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारले नाही आणि गुरुजींनीही सांगितले नाही. निदान आमच्या शाळेत तरी नाही. पूजाअर्चा असा अर्थ खासच नसावा, कारण सुभाषितकाराला साऱ्या माणसांबद्दल बोलायचे होते.

पाश्चात्त्य विद्वानांनी दुसऱ्या वाटेने प्रयत्न केले. हत्यारे बनवतो तो माणूस, अशी एक व्याख्या बरीच वर्षे चालली. १९६० साली टांझानियातील गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल या तरुण इंग्रज मुलीला एक चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढून खाताना दिसला. पाने ओरबाडून डहाळीची काडी तयार करणारे चिंपांझीही तिला दिसले. तिचे गुरू लुई लीकी यांनी त्यावर कळवले की आता हत्याराची व्याख्या बदलावी लागेल, माणसाची बदलावी लागेल, नाही तर चिंपांझीला माणूस म्हणावे लागेल. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गुडॉलबाई एक्क्याण्णव्या वर्षी गेल्या, तोपर्यंत अशा कितीतरी भिंती कोसळून पडल्या होत्या. सुमात्रात २०२२ साली राकुस नावाच्या ओरांगउटानने गालावरच्या जखमेला एका औषधी वेलीची पाने चावून, त्यांचा रस आणि चोथा लावला. काही दिवसांत जखम भरून आली. माझ्या दृष्टीने तो समव्यवसायीच झाला! उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांत २०२२ आणि २०२३ साली हत्तींच्या कळपांनी आपली मेलेली पिल्ले पाण्याच्या चरांत नेऊन, वर माती लोटून पुरल्याची पाच उदाहरणे नोंदली गेली. पिल्लांचे पाय वर होते. मातीत उमटलेल्या पाऊलखुणा अनेक हत्तींच्या होत्या.

हे वाचून मला इनामगाव आठवले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षे तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या वस्तीतील लोक आपली मेलेली मुले गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत मूल ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. वर रोजचा संसार चालू असे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या मातीवर रोज चूल पेटवणाऱ्या आईच्या मनाचा ठाव आपल्याला आजही लागतो. हत्तिणीच्या मनाचा लागत नाही. पण आपल्याला ठाव लागत नाही म्हणजे तिथे काहीच नाही, असेही म्हणता येत नाही.

आता एका गोष्टीविषयी लिहितो, जी आपल्यापैकी बहुतेकांना मोबाईलवर कोणीतरी पाठवलेली असेल. मार्गारेट मीड या मानवशास्त्रज्ञ बाईंना एकाने विचारले की संस्कृतीची पहिली खूण कोणती? तेव्हा त्या म्हणे म्हणाल्या, मोडून पुन्हा सांधलेले मांडीचे हाड. जंगलात पाय मोडलेला प्राणी जगत नाही. हाड सांधले, याचा अर्थ कोणीतरी त्या माणसाजवळ थांबले. गोष्ट सुंदर आहे. मीही पूर्वी एका भाषणात ती सांगितली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. नंतर कळले की मीडबाई असे म्हणाल्याचा भरवशाचा पुरावाच सापडत नाही. शिवाय शास्त्र म्हणूनही ती कच्ची आहे. अडॉल्फ शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने गिबन माकडांचे शेकडो सांगाडे तपासले, तेव्हा त्यांच्यातील बऱ्याच जणांची हाडे मोडून आपोआप जुळून आलेली दिसली. झाडावरून पडलेले माकड तीन हातापायांवर दिवस काढते आणि जगते. तेव्हा नुसत्या सांधलेल्या हाडावरून काही सिद्ध होत नाही. मात्र यापेक्षा पक्का पुरावा आपल्या अगदी शेजारी, अल नहदाहून तासाभराच्या अंतरावर सापडला आहे आणि त्याची आपल्यातील फारच थोड्यांना माहिती आहे.

शारजाच्या वाहतुकीतून सुटका झाली आणि उम्म अल क्वैनच्या दिशेने गेलो की दोन्ही अमिरातींच्या सीमेवर तेल अब्राक नावाची टेकडी लागते. तेल म्हणजे जुन्या वस्त्यांचे थरावर थर साचून झालेले टेकाड. आज ते समुद्रापासून आत आहे. तेव्हा किनाऱ्यालगत होते. तिथे साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा, सुमारे चाळीस मीटर व्यासाचा गोल बुरूज आहे. डॅनियल पॉट्स यांच्या पथकाने १९८९ पासून तिथे खोदकाम केले. सिंधू संस्कृतीची घनाकार दगडी वजने तिथे मिळाली, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचा या किनाऱ्याशी हिशेब तेव्हापासून चालू आहे! बुरुजाजवळच एक गोल दगडी थडगे होते. त्यात तीनशेहून अधिक माणसांची हाडे एकमेकांत मिसळून गेलेली होती. त्या काळची रीतच तशी. एकाच थडग्यात पिढ्यान्‌पिढ्या पुरायचे, नवे आले की जुने बाजूला सारायचे. एक सांगाडा मात्र जसाच्या तसा, सांध्याला सांधा जुळलेला मिळाला. तो एका मुलीचा होता. वय अठरा ते वीस.

तिची हातापायांची हाडे अतिशय बारीक होती. स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे हाडावर खरखरीत उंचवटे तयार होतात; चालणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसात ते ठळक असतात. हिच्या हाडांवर ते जवळजवळ नव्हते. डेब्रा मार्टिन, अलेशिया श्रेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक शक्यता तपासून काढलेला निष्कर्ष असा की तिला स्नायू लुळे पाडणारा आजार होता आणि तो बहुधा पोलिओ असावा. तिला चालता येत नसावे. हाडे अशी बारीक होतात ती आठ-पंधरा दिवसांत नव्हे. त्याला मोठा काळ जावा लागतो. दातांतील रासायनिक खुणांवरून ती मुळात तेल अब्राकची नसावी, दुसरीकडून इथे आलेली असावी, असेही संशोधकांचे अनुमान आहे. म्हणजे तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली.

आता डॉक्टर म्हणून जरा विचार करा. लुळ्या माणसाला तासन्‌तास एका कुशीवर ठेवले तर माकडहाडावर, टाचांवर कातडी काळी पडते, फुटते, जखम हाडापर्यंत जाते आणि त्यातून जंतू रक्तात शिरून माणूस दगावतो. आजच्या रुग्णालयात प्रतिजैविके असतानाही हे घडते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. पाणी पाजायचे, अन्न भरवायचे, मलमूत्र काढायचे, उन्हाळ्यात सावलीत न्यायचे आणि इथल्या जून-जुलैत, वीज नसताना, वारा घालायचा. एका माणसाचे हे काम नाही. आईने रात्र काढली तर दिवसा दुसरे कोणीतरी लागते. आणि या साऱ्याच्या शेवटी ती बरी होणार नव्हती. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असणार.

याहून मला हलवून गेले ते तिचे दात. ते किडीने पोखरलेले होते. मार्टिनबाईंचे म्हणणे असे की हे लोक खजूर पिकवत होते आणि तिला खूश ठेवण्यासाठी तिला तो गोड, चिकट खजूर भरपूर भरवत असावेत. इथे वैद्यकीय सावधपणा बाळगायला हवा. खजूर हे इथले रोजचे अन्न होते, दात इतरांचेही किडत, आणि हाडांवरून हेतू वाचता येत नाही. तरीही ज्याने कोणा आजारी मुलाला घास भरवला आहे, त्याला हा तर्क परका वाटणार नाही. मूल तोंड फिरवते तेव्हा आपण काय करतो? त्याच्या आवडीचे पुढे करतो. जगवण्यासाठी पेज पुरते. खजूर जास्तीचा असतो.

असे पुरावे आता इतरत्रही शोधले जातात. लॉर्ना टिली या ऑस्ट्रेलियातील संशोधिकेने हाडांवरून शुश्रूषेचा माग काढण्याची पद्धतच बसवली. व्हिएतनाममधील मान बाक येथे २००७ साली सापडलेला एक तरुण सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. तो किशोरवयाच्या आधी किंवा सुरुवातीला पंगू झाला आणि त्यानंतरही सुमारे दहा वर्षे जगला. इराकच्या शानिदार गुहेतील निअँडरथल पुरुषाचा एक हात वाळून गेला होता, चेहऱ्यावरच्या माराने एक डोळा बहुधा गेला होता, ऐकूही कमी येत असावे. तरी तो चाळिशी पार करून गेला. तो तर आपल्या जातीचादेखील नव्हता. तेव्हा माणूस हा शब्द आपल्या एकट्याच्या नावावर नोंदवता येत नाही, हे त्या मुलीला सांगायला हवे.

प्राणी हे करत नाहीत का? करतात, आणि ते नाकारून आपला मोठेपणा सिद्ध करण्यात काही हशील नाही. आफ्रिकेत मॅटाबेले नावाच्या मुंग्या वाळवीवर धाड घालतात. लढाईत जखमी झालेल्या मुंग्यांना सोबतिणी उचलून वारुळात आणतात, जखमा चाटतात आणि जंतुसंसर्ग झाला असेल तर स्वतःच्या ग्रंथीतील जंतुनाशक स्राव लावतात. एक-दोन पाय गेलेली मुंगी दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडीवर जाते. मात्र पाच पाय गेलेल्या मुंगीला कोणी उचलत नाही. तीही स्वतःला उचलू देत नाही, तडफडत राहते. ही शुश्रूषा हिशेबात बसते तोवरच चालते. टांझानियात महाले येथे २०११ साली एका चिंपांझी मादीला जन्मतः अपंग पिल्लू झाले. त्याला बसता येत नव्हते, आईला धरून ठेवण्याचे बळही त्याच्यात पुरेसे नव्हते. आईने एका हाताने त्याला पोटाशी धरून दिवस काढले. मोठी बहीण मदतीला होती. नात्याबाहेरच्या कोणालाही आई त्याला हात लावू देत नसे. पुढे बहिणीला स्वतःचे पिल्लू झाले, तिची मदत थांबली आणि सुमारे दोन वर्षांचे असताना ते अपंग पिल्लू दिसेनासे झाले. मुंगीपेक्षा ही गोष्ट आपल्या कितीतरी जवळची आहे. ती आई कुठे कमी पडली असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिला शेजारीण नव्हती, एवढेच. तेल अब्राकच्या मुलीला बहुधा होती.

आपल्या परंपरेने ही गोष्ट वेगळ्या भाषेत सांगितली आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा आपण मुलांना चमत्कार म्हणून सांगतो. त्याच कथेत त्याआधी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठतात. मला स्वतःला रेड्याने वेद म्हटले यापेक्षा वळ उठले हे अधिक मोठे वाटते. गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या सुमारास गेले ते माडिया लोकांवर उपचार करायला. एकदा शिकार करून आणलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे पिल्लू अजून चिकटलेले होते. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतले आणि तिथून अनाथ प्राण्यांचे घरच सुरू झाले. बिबटे, अस्वले, मगरी! पाचही पाय गेलेल्या मुंगीसाठी, आणि तीही दुसऱ्या जातीच्या, थांबणारा हा प्राणी आहे खरा.

पण एवढ्यावर थांबलो तर मी खोटे लिहिले असे होईल. "जनावरासारखा वागला" असे आपण क्रूर माणसाला म्हणतो, तो जनावरांवर अन्याय आहे. जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात मनोरुग्ण आणि अपंग अशा सुमारे ७०,००० लोकांना सरकारी योजनेखाली विषारी वायूने मारण्यात आले. कोण जगण्याच्या लायकीचा नाही हे ठरवण्यासाठी छापील तक्ते होते: रुग्ण किती वर्षे संस्थेत आहे, काम करू शकतो का. त्या तक्त्यांवर लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करणारे लोक डॉक्टर होते. माझ्यासारखे, शपथ घेतलेले. त्यांच्या कॉर्टेक्समध्ये सोळा अब्ज पेशी व्यवस्थित होत्या. असा तक्ता कोणत्याही मुंगीने वा चिंपांझीने केलेला नाही. तक्ता करणारा आणि खजूर भरवणारा हा एकच प्राणी आहे. सुभाषितातल्या धर्माचा अर्थ मला लागतो तो इथे: दोन्ही करता येत असताना आपण काय करतो.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. ९ डिसेंबर १९९५ ला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात इंटर्न होतो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले होते. बर्फाच्या डब्यात लशीच्या कुप्या, रांग थेट पिंपळापर्यंत. त्या वर्षी तीन वर्षांखालील मुलांनाच थेंब द्यायचे होते. एक म्हातारी आली. काखेत सहा-सात वर्षांचा मुलगा, त्याचा उजवा पाय काडीसारखा लोंबत होता. हाताला धरलेली दीडेक वर्षाची मुलगी. वाडीवरून चार-पाच किलोमीटर ती अशीच चालत आली होती. मी पाहताक्षणी म्हणालो, "ह्याला कशाला आणलंत आजी? ह्याला आता काही उपयोग नाही." आणि पुढच्याला हाक मारली.

ती हलली नाही. म्हणाली, "डोस हिला द्यायचाय, डाक्टर. त्याला घरी कुणापाशी ठिवू? आन्‌ एवढी जत्रा भरलीया, त्यानंबी बघाया नको का?"

मुलीला दोन थेंब पाजले. मुलगा तिच्या काखेतून झेंडे, पताका आणि लाऊडस्पीकर बघत होता. मी त्याच्याशी बोललो नाही. रांग मोठी होती हे खरे, पण ते कारण नव्हते. माझ्या तक्त्यात तो उपयोग नसलेल्या रकान्यात गेला होता. तिने त्याला मिरवायला आणले होते आणि माझ्याकडे पदवी होती.

त्या थेंबांचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त जाहीर केले. लाखो अनोळखी स्वयंसेवकांनी अनोळखी मुलांच्या जिभेवर थेंब टाकले. परळच्या हाफकिनमध्ये बनलेली लसही त्यांत होती. तेल अब्राकच्या शेजाऱ्यांना जे जमणे शक्यच नव्हते ते असे झाले. तरी त्या म्हातारीच्या नातवाला त्याचा उपयोग नव्हताच. त्याला उपयोग होता तो तिच्या काखेचा.

आपल्यापैकी कितीजणांचे आईवडील गावाकडे अंथरुणाला खिळलेले आहेत, हे मला दवाखान्यात कळते. रक्तदाब मोजताना माणसे बोलतात. माझे वडील शेवटची अडीच वर्षे तसेच होते. मी इथून हवेची गादी पाठवली, सकाळ-संध्याकाळ व्हिडिओवर बोलत होतो, औषधांचे डोस ठरवत होतो. कूस माझी धाकटी बहीण बदलत होती, रात्रीचा गजर लावून. तिच्या शेजारच्या काकू दुपारी दोन तास येऊन बसत, म्हणून तिला झोप मिळे. वडिलांच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. हजार वर्षांनी कोणी त्यांची हाडे तपासली असती, अर्थात आपल्याकडे ती उरत नाहीत, तर त्याला माझी गादी दिसली नसती, ते दर दोन तास दिसले असते.

इथे अमिरातीत २०१७ पासून अपंग व्यक्तींना 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतात, भारतात 'दिव्यांग' म्हणतात. शब्द चांगले आहेत. पण आमच्याच इमारतीत एक कुटुंब आहे, त्यांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो आता चौदा वर्षांचा आहे आणि त्याला बोललेले सगळे कळते. त्याचे उत्तर समजायला आपल्याला वेळ लागतो, एवढेच. हे लोक गणपतीला कधी कोणाकडे येत नसत. आईवडिलांपैकी एकजण येऊन प्रसाद घेऊन जाई. मी आठ वर्षे त्यांचा शेजारी आहे आणि का येत नाही हे मी कधी विचारले नव्हते. डॉक्टर असून! गेल्या वर्षी तेल अब्राकवरचे लिखाण वाचून झाल्यावर जिना चढून गेलो आणि विचारले. त्याची आई म्हणाली, "आरतीत तो मोठ्याने आवाज काढतो. लोक वळून बघतात."

मी म्हटले, आरतीत आवाज काढायचाच असतो.

ज्या आरतीनंतर मला तो हत्तीचा प्रश्न विचारला गेला, त्याच आरतीला तो आला होता. चाकाची खुर्ची लिफ्टमधून आणायला दोन मुले धावली. लोकांनी वळून पाहिले, हे खरे. मग झांजा वाजू लागल्या आणि पाहायचे राहून गेले. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडून असमाधानी होऊन परत गेली ती त्याच्याच शेजारी जाऊन बसली. त्याला मोदक भरवत होती. अर्धा सांडत होता. तिने सारण बोटाने पुसून पुन्हा त्याच्या तोंडात घातले. दुसरा झाला, तिसरा झाला, चौथ्याला त्याने स्वतःहून तोंड उघडले.

निघताना मी त्याच्या आईला एवढेच सांगितले की रात्री त्याचे दात नीट घासा.